लोणारच्या काठावर विज्ञानाचा तास

बुलढाणा जिल्ह्यात लोणारच्या काठावर उभे राहिले की सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे, जवळजवळ गोल विवर एका नजरेत मावते. तळाशी खारे पाणी, भोवती झाडी, उतारावर दख्खनचा काळा बेसाल्ट. शाळांच्या सहली इथे येतात, मुले देवळे पाहतात, फोटो काढतात आणि परततात. खरे तर विज्ञानाचा अख्खा धडा इथे उघड्यावर मांडलेला आहे.

हे विवर ज्वालामुखीचे की उल्कापाताचे, हा वाद बरीच वर्षे चालला. तळाशी घेतलेल्या बोअरच्या खडकात मॅस्केलिनाइट सापडले. आघाताच्या प्रचंड दाबाखाली फेल्डस्पार या खनिजाची न वितळता अशी काच होते. ज्वालामुखीत एवढा दाब नसतो. संशोधक फ्रेड्रिक्सन आणि सहकाऱ्यांनी १९७३ साली उल्कापाताचा हा पुरावा ‘सायन्स’ या नियतकालिकात मांडला. वयाचा अंदाज मात्र बदलत गेला: आधी सुमारे ५२ हजार वर्षे, नंतर आर्गॉन पद्धतीने सुमारे ५ लाख ७० हजार.

मुलांना स्वतः करून पाहता येईल असेही इथे आहे. हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवलेली कागदाची पट्टी काठावरच्या गोमुख या झऱ्याच्या गोड्या धारेखाली धरली, तर पिवळीच राहते. सरोवराच्या पाण्याचा थेंब पडला की लालसर होते, कारण ते पाणी अल्कधर्मी आहे; त्याचा सामू (pH) दहाच्या आसपास आहे. मग पुढचा प्रश्न आपसूक येतो: वरून गोडे पाणी येते, तर खाली खारे कसे? पाण्याला बाहेर वाट नाही. वाफ उडते, क्षार मागे राहतात. जून २०२० मध्ये सरोवर गुलाबी झाले, तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने त्यामागे क्षारप्रिय सूक्ष्मजीव असल्याचे दाखवले.

शाळेबाहेरच्या विज्ञानशिक्षणावरील संशोधनाचा मोठा आढावा अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च काउन्सिलने २००९ साली घेतला. अशा ठिकाणी माहितीबरोबर कुतूहल वाढते आणि ‘मलाही विज्ञान जमते’ ही जाणीव रुजते, यावर त्यात भर आहे. खेड्यातल्या मुलाला या जाणिवेची गरज सर्वांत जास्त असते.

म्हणून लोणार, मेहकर, सिंदखेडराजाच्या शाळांनी वनखात्याच्या परवानगीने, एकही दगड न उचलता, पाण्याची पातळी, रंग आणि पक्षी यांची नोंद दर महिन्याला ठेवावी. राष्ट्रीय बालविज्ञान परिषद १९९३ पासून मुलांकडून आपल्या परिसरातल्या प्रश्नांवर असेच प्रकल्प मागत आली आहे. दहा वर्षांच्या अशा नोंदवह्या संशोधकांनाही उपयोगी पडतील.