सोडलेले कर्ज कोणाच्या खाती?

मार्चअखेरचे हिशेब आणि ख्रिस्ती बांधवांचा गुड फ्रायडे हे बहुतेक वर्षी थोड्या दिवसांच्या अंतराने मागेपुढे येतात. त्या सुमारास रावेरच्या पेठेत येणे कोणाकडे किती राहिले, बुडीत किती धरावे आणि नोटीस कोणास द्यावी, याचीच बोलणी चालू असतात. येशू ख्रिस्ताच्या मरणाचा जो अर्थ ख्रिस्ती धर्म सांगतो, तोही पुष्कळ अंशी ऋण व ऋणमुक्ती यांच्याच भाषेत सांगितलेला आहे. आमच्या वाचकांपैकी बहुतेक ख्रिस्ती नव्हेत. तथापि देवाचा न्याय आणि देवाची दया ही एकत्र कशी नांदतात, हा प्रश्न कोणा एका धर्माच्या मालकीचा नाही. आणि तो व्यापाऱ्याच्या गादीपाशी जितका कसास लागतो, तितका प्रार्थनामंदिरातही लागत नसेल.

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 18 व्या अध्यायात येशूने सांगितलेला एक दृष्टांत आहे. एका राजाने आपल्या चाकरांचे हिशेब पाहण्यास घेतले, तेव्हा एकाकडे दहा हजार तलान्त येणे निघाले. एक तलान्त म्हणजे सुमारे सहा हजार दीनार, आणि एक दीनार ही त्या काळी मजुराची एका दिवसाची मजुरी. म्हणजे कर्ज सहा कोटी दिवसांच्या मजुरीचे झाले. वर्षाचे तीनशे दिवस राबूनही ते फेडण्यास दोन लक्ष वर्षे लागती. चाकराने पाय धरले, मुदत मागितली. राजाने मुदत न देता सगळे कर्जच सोडून दिले. तोच चाकर बाहेर पडतो, तर समोर शंभर दीनार देणे असलेला त्याचा सोबती उभा. त्याची मानगूट धरून त्याने त्यास तुरुंगात टाकविले. हे राजाच्या कानी जाताच दिलेली माफी रद्द झाली व चाकराची रवानगी शिक्षा देणाऱ्यांच्या हाती झाली. शंभर दीनारांचे येणे खरे होते, हे येथे विसरता कामा नये. सावकाराची मागणी कायदेशीर होती. चूक होती ती एवढीच, की आपणास काय सोडण्यात आले हे तो दाराबाहेर पाऊल टाकताच विसरला.

ही गोष्ट आम्ही केवळ वाचलेली नाही. तीत आमचा हातही लागलेला आहे. काही वर्षांपूर्वी खते व औषधे उधारीवर देणारे एक दुकानदार आमच्याकडे आले. ज्या शेतकऱ्याने त्यांना चेक दिला होता, त्याची केळीची बाग काढणीच्या तोंडावर वादळाने आडवी झाली होती, आणि चेक परत आला होता. बोलण्याच्या ओघात त्यांनी समाधानाने सांगितले की, त्यांच्या स्वतःच्या थकलेल्या कर्जावर बँकेने त्याच आठवड्यात एकरकमी तडजोड मान्य करून व्याज सोडले आहे. आम्ही त्यांचे अभिनंदन केले, आणि 1881 च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टाच्या कलम 138 खाली, पंधरा दिवसांत रक्कम भरावी अशी नोटीस शेतकऱ्यास लिहून दिली. शेतकऱ्याने एक एकर जमीन विकून पैसे भरले. अशिलाचे पैसे वसूल झाले, आमची फी मिळाली, कायद्याचा एक शब्दही मोडला नाही. परंतु त्या नोटिशीवर सही आमची होती, आणि मत्तयाचा तो अध्याय आम्ही त्यापूर्वीच वाचलेला होता.

यावर व्यवहारी मनुष्य लागलीच विचारील की, सर्वांस सोडीत बसलो तर दुकानास कुलूप लावावे काय? करावे तसे भरावे, हाच न्याय नव्हे काय? प्रश्न रास्त आहे. दया म्हणजे अन्यायाकडे डोळेझाक, असे ख्रिस्ती धर्मही मानीत नाही. आमच्या राज्यघटनेने कलम 72 अन्वये राष्ट्रपतीस व कलम 161 अन्वये राज्यपालास क्षमेचा अधिकार दिला आहे. पण शिक्षा माफ झाली म्हणून गुन्हा घडलाच नाही, असे कोणी म्हणत नाही. व्यापाऱ्यास तर हे शिकविण्याची गरजच नाही. सोडलेली रक्कम हवेत विरत नाही. ती सोडणाऱ्याच्या वहीत तोटा म्हणून पडते. क्रूसाचा अर्थ ख्रिस्ती माणूस असाच करतो: देवाने पापाचा हिशेब फाडला नाही, तो स्वतःच्या नावे मांडून घेतला. ज्यांस हा सिद्धांत पटत नाही त्यांनीही त्यातील व्यवहार ध्यानात घ्यावा. ज्या क्षमेची किंमत क्षमा करणाऱ्यास पडत नाही, ती क्षमा नव्हे, नुसते तोंडचे शब्द होत.

हा अर्थ महाराष्ट्रात ज्यांनी जगून दाखविला, त्यांत पंडिता रमाबाईंचे नाव प्रथम घेतले पाहिजे. आईबाप दुष्काळात उपासमारीने गेलेले, पती लग्नानंतर दोन वर्षांच्या आतच वारलेले, अशा स्थितीत त्या 1883 साली इंग्लंडास गेल्या. तेथे लंडनच्या फुलहॅम भागात समाजाने पतित ठरविलेल्या स्त्रियांची शुश्रूषा करणाऱ्या भगिनी त्यांनी पाहिल्या. हे कशामुळे घडते, असे विचारता त्यांस येशू व शोमरोनी स्त्री यांची कथा सांगण्यात आली. यहुदी ज्यांच्याशी संबंध ठेवीत नसत त्या जातीची, पाच नवरे झालेली ती बाई. तिच्यापाशी येशूने विहिरीवर पाणी मागितले. त्याच वर्षी रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. पण बुद्धी गहाण ठेवली नाही, चर्चच्या अधिकाऱ्यांशी वाद घालावयाचा तेथे तो घातलाच. पुढे 1896-97 च्या दुष्काळात, ज्या मध्य प्रांताची हद्द रावेराला लागूनच सुरू होत असे, तेथून निराधार मुली आणून त्यांनी केडगावी आश्रय दिला. केडगावच्या मुक्तिसदनात पतित म्हणून टाकलेल्या स्त्रियांसाठीही त्यांनी घर काढले आणि त्यास कृपासदन हे नाव दिले.

मात्र दयेच्या बदल्यात धर्म मागितला जातो, हा आक्षेप तेव्हाही होता. याच प्रश्नावरून 1893 साली रानडे व भांडारकर हे रमाबाईंच्या शारदासदनाच्या सल्लागार मंडळातून बाहेर पडले. त्या वादाचा निवाडा येथे करण्याचे कारण नाही. तत्त्व एवढे उघड आहे की, दयेस अट घातली की ती सौदा होते. मग अट मिशनऱ्याची असो की सावकाराची. याचे उलट उदाहरण खानदेशानेच पाहिले आहे. धरणगावचे त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजे आपले बालकवी, यांस रेव्हरंड नारायण वामन टिळक व लक्ष्मीबाई या ख्रिस्ती दांपत्याने नगरास आपल्या घरी मुलाप्रमाणे ठेवून घेतले. बालकवी 1918 साली वारले ते हिंदूच; आणि त्या घराची माया त्यामुळे तसूभरही उणी झाली नाही.

तेव्हा आमच्या व्यापारी बंधूंस आमची विनंती फार मोठी नाही. ऐपत असून बुडविणाऱ्यावर खुशाल दावा लावावा; तोही समाजाच्या हिताचा आहे. परंतु ज्याची बाग वाऱ्याने पडली व ज्याचा हेतू वाईट नव्हता, त्यास मुदत द्यावी, हप्ते बांधून द्यावेत, व्याज सोडावे. कायदाही याच्या आड येत नाही. चेकच्या खटल्यात तडजोडीची वाट त्याच कायद्याच्या कलम 147 ने खुली ठेवली आहे. आमच्या वकील बंधूंसही सांगणे एवढेच की, नोटीस लिहिण्यापूर्वी अशिलास एक प्रश्न विचारावा: तुम्हांस आजवर कोणी काय काय सोडले? आम्ही तो त्या दिवशी विचारला नाही. हल्ली विचारतो. पुष्कळ अशील रागावतात. काही थोडे मात्र गप्प होऊन चार दिवसांनी येतो म्हणतात.

आध्यात्मिक जीवन म्हणतात ते या चार दिवसांतच आहे, असे आमचे मत आहे. येणे कोणाकडे किती, हे प्रत्येकजण लिहून ठेवतो. आपणास सुटले किती, हे लिहिल्यावाचून वही पुरी झाली असे कोणीही समजू नये.