फेझरची ताकद मोजा, सिलिंडरमध्ये!

मे २०२५ मधली गोष्ट. घरच्या ग्रुपवर एक व्हिडिओ आला. आकाशात प्रकाशाची लखलखती रेघ आणि क्षणात अख्खं विमान गायब! खाली लिहिलेलं, ‘आपलं लेझर अस्त्र’. मी विचार न करता फॉरवर्ड केला. दहा मिनिटांत माहूरहून काकांचा फोन. ‘‘पोरी, हे खरं हाय का? पोराला पेपरला पुण्याला धाडू का नको?’’

मग मी कॅल्क्युलेटर काढला. तुम्हीही काढा, दहावीचं विज्ञान पुरे!

‘स्टार ट्रेक’मधला फेझर माणसाची सरळ वाफ करतो. माणूस म्हणजे बहुतांश पाणी. सोपं जावं म्हणून ६० किलो पाणीच धरू. शरीराच्या तापमानाच्या एक किलो पाण्याची वाफ करायला साधारण २५ लाख ज्यूल लागतात. म्हणजे एकूण १५ कोटी ज्यूल, सुमारे ४२ युनिट वीज. घरगुती गॅस सिलिंडरचा जवळपास पाव भाग! आणि हे एका सेकंदात करायचं तर १५० मेगावॅट हवेत. आपल्या परळीच्या औष्णिक केंद्रातला एक संच २५० मेगावॅटचा आहे. हिरोच्या हातात मात्र टीव्हीच्या रिमोटएवढं यंत्र!

आता खरं अस्त्र बघा. १३ एप्रिल २०२५ रोजी कर्नूलमध्ये डीआरडीओने ३० किलोवॅट क्षमतेच्या लेझरने मानवरहित विमान आणि ड्रोन पाडून दाखवले. ३० किलोवॅट म्हणजे पाच एचपीच्या आठ मोटारी. मग ड्रोन कसा पडतो? सगळी उष्णता छोट्याशा जागी एकवटते आणि तेवढाच भाग जळून निकामी होतो. वाफबिफ काही होत नाही. याच लेझरने आपल्या ६० किलोंची वाफ करायची तर जवळजवळ दीड तास लागेल, तोवर समोरच्याने हलायचं नाही!

विमान तर कित्येक टनांचं, त्यात धातूची वाफ करणं पाण्याहून कितीतरी अवघड. शिवाय अशा लेझरचे किरण सहसा अवरक्त असतात, डोळ्यांना दिसतच नाहीत. मग ती लखलखती रेघ कुठून आली? नंतर कळलं, तो व्हिडिओ गेममधला तुकडा होता. त्या दिवसांत गेममधली अशी दृश्यं युद्धाची म्हणून सर्रास फिरत होती.

मी काकांना फोन लावला. माफी मागितली, मोटारींचा हिशोब सांगितला. काका हसले. ‘‘आठ मोटारी? त्या बी लाईट असली तर!’’ दुसऱ्या दिवशी भाऊ पुण्याच्या गाडीत बसला.

दोस्तांनो, पुढच्या वेळी असा व्हिडिओ आला की फॉरवर्डच्या बटणाआधी एकच प्रश्न विचारा, एवढी ऊर्जा आली कुठून? उत्तर मिळेपर्यंत बोट आवरा. पलीकडे कुणाचे तरी काका तो खरा मानून बसलेले असतात.