सरकारी दातांचा दवाखाना : पर्ची स्वस्त, चकरा महाग



गेल्या काही पालक-सभांमध्ये एक प्रश्न वारंवार निघाला : दाताचे काम सरकारी दवाखान्यात केले तर खर्च किती येतो? खासगीत रूट कॅनाल आणि वरची टोपी मिळून सांगितलेला आकडा ऐकला की पुष्कळ घरांत "त्यापेक्षा दाढ काढूनच टाकू" असे ठरते. हा निर्णय बहुतेक वेळा घाईचा असतो असे आम्हांला वाटते. म्हणून हा हिशेब थोडा उलगडून सांगतो.

आपल्या इंदूरला यासाठी दूर जावे लागत नाही. शासकीय दंत महाविद्यालय १९६१ सालापासून शहरात आहे. तिथे आपल्या दातांवर काम करणारे बहुधा शेवटच्या वर्षांचे विद्यार्थी, इंटर्न किंवा एम.डी.एस. करणारे डॉक्टर असतात आणि त्यांच्यावर प्राध्यापकांची देखरेख असते. "शिकाऊ हातांत दात कशाला द्यायचा?" असे काही जण म्हणतात. आमचे मत वेगळे आहे. प्रत्येक पायरी वरिष्ठांना दाखवूनच पुढे जायचे असल्याने काम सहसा काळजीपूर्वक होते. मात्र वेळ लागतो, आणि खर्चाची खरी मेख तिथेच आहे.

आधी पैशांचे बघू. सरकारी ठिकाणी डॉक्टरांची फी नसते, पण सगळेच फुकट असते असेही नाही. पर्चीचे किरकोळ शुल्क, एक्स-रे, आणि कामानुसार सामानाचा खर्च लागू शकतो. टोपी किंवा कवळी प्रयोगशाळेत बनते, त्यामुळे तिचा खर्च वेगळा धरावा. अल्प शुल्क घेऊन ते त्याच रुग्णालयात खर्च करण्याची पद्धत आज देशभर दिसते, तिची एक सुरुवात आपल्या एम.वाय. रुग्णालयात झाली हे नव्या पिढीला ठाऊक नसेल. १९९४ साली सुरतेत प्लेगची साथ आली. त्या सुमारास एम.वाय. रिकामे करून उंदीर आणि घाण हटवण्याची मोठी मोहीम झाली आणि त्यातून रोगी कल्याण समितीची कल्पना पुढे आली. दारिद्र्यरेषेखालील रुग्णांना शुल्कात सूट देण्याची तरतूदही तिच्यात होती. म्हणून ज्यांच्याकडे तसे कार्ड आहे त्यांनी ते पहिल्याच दिवशी खिडकीवर दाखवावे. उपचार झाल्यावर दाखवून उपयोग होत नाही.

आता चकरांचे. किडीचा साधा खड्डा असेल तर एका खेपेत भरून होतो. कीड नसेपर्यंत पोचली की रूट कॅनाल करावे लागते. त्याला तीनेक चकरा, आणि वर टोपी बसवायला माप देण्याची एक व बसवण्याची एक अशा आणखी दोन. समजा, एखाद्याची रोजची कमाई ५०० रुपये आहे आणि रिक्षाला जाऊन-येऊन १०० लागतात. खड्डा भरण्याच्या एका चकरेत त्याचे ६०० जातील. रूट कॅनालच्या पाच चकरांत ३००० जातील, आणि यात दवाखान्याचा एक पैसाही धरलेला नाही. पगारी रजा असलेल्याला हे जाणवत नाही, हातावर पोट असलेल्याला फार जाणवते. सरकारी उपचार अर्धवट सुटतात ते पुष्कळदा यामुळेच. अर्धवट सोडलेली दाढ नंतर फुटते किंवा पुन्हा सुजते, म्हणजे आधीच्या चकराही वाया जातात.

तेव्हा पहिल्याच दिवशी तीन गोष्टी विचारून घ्याव्यात : एकूण किती वेळा यावे लागेल, सामान व टोपीचे मिळून किती लागतील, आणि मधे खंड पडला तर काय. विचारायला संकोच करू नये.

दाढ काढणे त्या दिवसापुरते सर्वांत स्वस्त असते हे खरे. पण रिकाम्या जागेकडे शेजारची दाढ कलते, समोरची खाली किंवा वर सरकते, चावणे एका बाजूला जाते. पुढे तिथे दात बसवायचा म्हटले की खर्च पुन्हा येतोच. मेडिकलच्या दुकानातून दर महिन्याला गोळ्या आणून दुखणे दाबणे हाही एक खर्चच आहे. गोळीने दुखणे थांबते, खड्डा भरत नाही.

घरातल्या आजी-आजोबांबद्दल एक गैरसमज दूर करायला हवा. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरील सर्वांना आयुष्मान योजनेचे कार्ड मिळते. त्यावर कवळी किंवा रूट कॅनाल होईल असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. ही योजना रुग्णालयात भरती होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहे. अपघातात जबडा मोडला तर ती उपयोगी पडते, खड्डा भरायला नाही. कवळीसाठी दंत महाविद्यालयाचाच रस्ता धरावा, आणि माप, चावा, चाचणी, बसवणे मिळून चार-पाच चकरांची तयारी ठेवावी. सोबत नातवंडांपैकी कुणी जाईल का, ते आधीच ठरवावे.

मुलांच्या बाबतीत मात्र पैसे वाचवायला पुष्कळ वाव आहे. सहाव्या वर्षाच्या आसपास दुधाच्या दाढांच्या मागे एक नवी दाढ येते. तिच्यासाठी कुठलाही दात पडत नाही, त्यामुळे ती दुधाचीच समजून "पडेलच की" म्हणून सोडून दिली जाते. ती कायमची असते. पहिली-दुसरीतल्या मुलांचे तोंड उजेडात उघडून एकदा पाहावे. त्या दाढेवर काळी रेघ दिसली तर एका चकरेचे काम आहे, दोन वर्षे थांबलात तर पाच चकरांचे होईल.

शिवाय २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात सरकारी व अनुदानित शाळांतील मुलांची तपासणी होते, तिच्यात दातही येतात, आणि पुढे पाठवलेल्या मुलांचे उपचार मोफत असतात. पथक शाळेत येईल त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नये. पथकाने चिठ्ठी दिली असेल तर ती त्याच संध्याकाळी दप्तरातून काढून घ्यावी आणि पर्चीच्या खिडकीवर तीच आधी पुढे करावी.