सुटलेली सिगारेट स्वप्नात का पेटते?

उपवासाच्या दिवशी घरात चिवड्याचे पोहे भाजणे चालू असते. जाता जाता आपण चिमूटभर तोंडात टाकतो आणि मग एकदम आठवते, 'अरे, आज चतुर्थी!' सिगारेट सोडलेल्या माणसांना असाच प्रसंग झोपेत गाठतो. स्वप्नात ते चहाच्या टपरीवर उभे असतात, बोटांत सिगारेट पेटलेली असते आणि ती अर्धी संपल्यावर ध्यानात येते, 'आपण तर सोडली होती!' छातीत धस्स होते, जाग येते. काही जण तर उठून हाताचा वास घेऊन पाहतात.

आमच्या कॉलेजातील एका सहकाऱ्यांनी सिगारेट सोडून सहा आठवडे झाले होते. एके सकाळी ते गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "सर, रात्री स्वप्नात अख्खी ओढली. मनातून ती गेलेलीच नाही. मग हा छळ कशाला?" प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. स्वप्नाचा असा अर्थ लावून माणूस खरोखरच टपरी गाठू शकतो. तेव्हा हे स्वप्न काय सांगते ते नीट पाहिले पाहिजे.

प्रथम एक गणित. रक्तातील निकोटिनचा अर्धायुकाल सुमारे २ तास असतो. किरणोत्सारी पदार्थाप्रमाणेच दर २ तासांनी उरलेल्याचे निम्मे होते. एका दिवसात ते १२ वेळा निम्मे होईल, म्हणजे मूळ प्रमाणाचा ४०९६ वा भाग उरेल. (शरीर काही इतके शिस्तीत वागत नाही, पण अंदाजाला हे पुरे.) सहा आठवड्यांनंतर रक्तात निकोटिन कोठून असणार? तरीही धूर निघतोच.

लंडनमधील पीटर हायेक आणि मायकेल बेल्चर यांनी १९९१ साली या स्वप्नांची पाहणी प्रसिद्ध केली. १ ते ४ आठवडे सिगारेटपासून दूर राहिलेल्या २९३ जणांपैकी सुमारे एक तृतीयांश लोकांना असे स्वप्न पडले होते. हीच माणसे सिगारेट ओढत होती, तेव्हा मात्र असे स्वप्न जवळजवळ कोणालाच पडत नसे! बहुतेकांनी स्वप्नात आपण सिगारेट ओढत असल्याचे स्वतःच पकडले होते आणि त्यांना भीती व अपराधीपणा वाटला होता. ओढणाऱ्याला सिगारेट पेटवताना अपराधी वाटायचे कारण काय? ते वाटते सोडणाऱ्यालाच. म्हणजे सोडल्याचा निश्चय झोपेतही जागा असतो. आणखी एक गोष्ट आढळली. ज्यांना ही स्वप्ने पडली, ते पुढे सिगारेटपासून दूर राहण्याची शक्यता अधिक होती. यावरून स्वप्नामुळे सिगारेट सुटते असे मात्र म्हणू नका. दोन गोष्टी बरोबर आढळल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही.

आता मेंदूकडे वळू. १९५३ साली शिकागो विद्यापीठातील युजीन ॲसेरिन्स्की आणि नॅथॅनिएल क्लाइटमन यांनी दाखवून दिले, की झोपेत ठरावीक काळाने बुबुळे मिटल्या पापण्यांआड भराभर हलू लागतात, आणि त्या वेळी उठवले तर माणूस बहुधा स्वप्न सांगतो. ही अवस्था साधारण दर ९० मिनिटांनी येते. या वेळी मेंदूत ॲसिटिलकोलीन नावाचे रसायन भरपूर असते. ते चेतापेशींवरील ज्या ग्राहींना चिकटते, त्यांपैकी काहींना निकोटिनही चिकटते. एकाच कुलपाला दोन किल्ल्या! वर्षानुवर्षे निकोटिन मिळाल्याने अशा ग्राहींची संख्या वाढलेली असते आणि ती उतरायला काही आठवडे लागतात. शिवाय सोडल्यानंतर सुरुवातीला झोप वारंवार मोडते. मोडलेल्या झोपेतले स्वप्न लक्षात राहते, सलग झोपेतले विरून जाते.

पण रसायनांनी सगळेच उलगडत नाही. दिवसाला २० सिगारेटी आणि प्रत्येकीचे १० झुरके धरले, तर वर्षात हात ७३ हजार वेळा तोंडाकडे जातो. दहा वर्षांत सात लाखांवर! चहा, एस.टी.ची वाट पाहणे, पेपर तपासून संपणे, अशा प्रत्येक गोष्टीशी तो हात बांधला गेलेला असतो. आमच्या भागात तर आठवण करून देणाऱ्या गोष्टींना तोटाच नाही. गडहिंग्लजहून संकेश्वरमार्गे निपाणीला जा. तंबाखू हे त्या मुलखाचे पिढ्यान्‌पिढ्यांचे पीक. १९८१ साली तंबाखूच्या भावासाठी शेतकऱ्यांनी शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली मोठे आंदोलन केले, ते निपाणीलाच. अशा ठिकाणी दिवसभर नाकाला जे जाणवते, त्याला मेंदू रात्री जुनी जोड देऊ लागला तर नवल नाही.

सहकाऱ्यांना हे सारे सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि विचारले, "म्हणजे पुन्हा पडेल?" हायेक-बेल्चर यांच्या पाहणीतच याचे उत्तर आहे. वर्षभर दूर राहिलेल्यांपैकी ६३ टक्के लोकांना अशी स्वप्ने पडली होती, प्रत्येकाला सरासरी पाच. आणि त्यांपैकी जवळजवळ पाव स्वप्ने सहा महिने उलटून गेल्यावरची होती.