गाणारी चित्रे

मुलांनो, रामायणाची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. आजीने ती सांगितली असेल, नाहीतर तुम्ही ती पुस्तकात वाचली असेल. भारतातील पश्चिम बंगाल या राज्यात ही गोष्ट आणखी एका रीतीने सांगतात. तेथे ती चित्र दाखवून आणि गाऊन सांगतात.

या चित्राला 'पट' म्हणतात. पट रंगवणारा आणि गाणारा तो 'पटुआ'. मेदिनीपूर भागातील नया या गावात आजही अनेक पटुआ कुटुंबे राहतात.

पूर्वी पटुआ झोळीत पट घेऊन गावोगाव फिरत असे. तो अंगणात बसला, की लहानथोर सारे त्याच्याभोवती गोळा होत. मग तो पटाची गुंडाळी हळूहळू उलगडत असे. पटावर एकाखाली एक चौकटी असतात. प्रत्येक चौकटीत एक प्रसंग असतो. पटुआ चित्रावर बोट ठेवी आणि त्या प्रसंगाचे गाणे गाई. गाणे पुढे गेले, की पुढची चौकट दिसे. गाणे संपल्यावर लोक त्याला तांदूळ किंवा पैसे देत.

सीताहरणाचा पट पाहा. एका चौकटीत सोनेरी हरिण आहे. पुढच्या चौकटीत दाराशी जोगी उभा आहे. हा जोगी म्हणजे रावण! त्यानंतर रथात बसवलेली सीता दिसते. वाटेत जटायू पक्षी आडवा येतो. त्याने आपली मोठी चोच उघडून रावणाचा रथच पकडला आहे. ज्याला वाचता येत नाही, त्यालाही ही गोष्ट कळते.

पट कसा तयार करतात? कागदाचे ताव जोडून लांब पट्टी करतात. तिला मागून जुन्या साडीचे कापड चिकटवतात. रंगही घरीच करतात. हळदीपासून पिवळा, वालाच्या पानांपासून हिरवा, गोकर्णाच्या फुलांपासून निळा आणि दिव्याच्या काजळीपासून काळा रंग मिळतो. रंग पक्का बसावा म्हणून त्यात बेलफळाचा डिंक घालतात. नारळाची करवंटी ही रंगाची वाटी!

मुलांनो, नया गावातील पटुआ मुसलमान आहेत. ते ईद साजरी करतात आणि राम-सीतेची गाणीही प्रेमाने गातात. ही गाणी त्यांना आपल्या आईवडिलांकडून मिळाली आहेत.

आपल्या मॉरिशसमधील मराठी लोकांचे पूर्वज कोकणातून आले. त्या कोकणातही अशीच एक कला आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळी गावचे चित्रकथी कलावंत रामायण-महाभारताच्या गोष्टी चित्रे दाखवून गातात. त्यांची चित्रे सुट्या कागदांवर असतात. ती एकामागून एक दाखवली जातात.

पुढे सिनेमा आला, दूरदर्शन आले. पटुआचे गाणे ऐकायला फारसे कोणी बसेना. पोट कसे भरणार? कित्येकांनी पट बाजूला ठेवले आणि ते मजुरी करू लागले. काहींनी मात्र कला सोडली नाही. त्यांनी नवे पट रंगवले. 2004 साली समुद्राच्या प्रचंड लाटांनी अनेक देशांत हाहाकार केला. त्या सुनामीचाही पट झाला, आणि त्याचे गाणेही झाले. पूर्वी बहुतेक पुरुषच पट दाखवत. आता बायकाही पट रंगवतात आणि गातात.

आज दूरदूरचे लोक पट विकत घेतात आणि भिंतीवर टांगतात. पण भिंतीवरचा पट गात नाही. गाणे पटुआच्या गळ्यातच राहते. म्हणून पटुआ आपल्या मुलांना रंगांबरोबर गाणीही शिकवतात. मुले गाणे शिकली, तरच पट बोलत राहील.

तुम्हांला आजीची कोणती गोष्ट आवडते? तिची चार चित्रे काढा. मग चित्रावर बोट ठेवून ती गोष्ट वर्गात सांगा.