शुभ्र संगमरवर आणि काळा प्रतिनिधी

अठराव्या शतकातील युरोपीय कलेचा इतिहास आपल्याकडे बहुधा शैलींची जंत्री म्हणून शिकविला जातो. रोकोको गेली, नवअभिजातवाद आला. वळणे गेली, सरळ रेषा आल्या. विद्यार्थी पाठ करतो आणि परीक्षा देतो. परंतु शैली ऋतूसारखी आपोआप बदलत नाही. ती कोणी आणली, कोणासाठी आणली आणि तिचे दगड कोणी वाहिले, हे विचारल्याशिवाय तिचा अर्थ लागत नाही.

त्या शतकाच्या मध्यास युरोपात विवेकवादी विचारांनी जोर धरला होता. धर्मगुरू सांगतो म्हणून खरे, राजा म्हणतो म्हणून न्याय्य, हे मानायला व्हॉल्टेअर, रूसो, दिदरो यांनी नकार दिला. १७५१ पासून दिदरो व दालांबेर यांचा ज्ञानकोश प्रसिद्ध होऊ लागला. त्यात सुतार, लोहार, विणकर यांची हत्यारे व कामाच्या रीती सचित्र छापल्या होत्या. हाताच्या कामाला ग्रंथात जागा मिळणे ही लहान गोष्ट नव्हती. हाच दिदरो कलासमीक्षकही होता. सरदारांच्या दिवाणखान्यांतील गुलाबी, विलासी चित्रांवर त्याने कोरडे ओढले आणि चित्राने माणसाला सदाचाराकडे न्यावे असा आग्रह धरला.

याच सुमारास जमिनीतून जुने जग वर येत होते. हर्क्युलेनियमचे उत्खनन १७३८ साली, तर पॉम्पेईचे १७४८ साली सुरू झाले. ग्रीक व रोमन प्रजासत्ताकांकडे युरोप नव्या डोळ्यांनी पाहू लागला. या दृष्टीला शब्द दिले ते योहान विंकेलमान याने. १७१७ साली प्रशियात जन्मलेला हा माणूस जोडे शिवणाऱ्याचा मुलगा. १७५५ सालच्या छोट्या पुस्तकातून आणि १७६४ सालच्या प्राचीन कलेच्या इतिहासातून त्याने मांडले की ग्रीक कला थोर झाली, कारण ग्रीक माणूस स्वतंत्र होता. चर्मकाराच्या मुलाने साऱ्या युरोपला सौंदर्य शिकविले, हे वाचून आपल्याला अभिमान वाटेल. पण एक भेद विसरू नये. तेथे जोडे शिवणे दारिद्र्याचे होते, विटाळाचे नव्हते. म्हणून शाळेचे आणि ग्रंथालयाचे दार त्याला उघडता आले.

आणि त्याच्या सिद्धान्तातील भेगाही पाहिल्या पाहिजेत. ज्या अथेन्सच्या स्वातंत्र्याचे तो गुणगान करतो, तेथे गुलामांना आणि स्त्रियांना नागरिकत्वाचे राजकीय हक्क नव्हते. रंग म्हणजे सौंदर्य नव्हे, असे एकीकडे सांगत असतानाच शरीर जितके गोरे तितके अधिक सुंदर, असेही तो लिहून जातो. प्रत्यक्षात ग्रीकांचे पुतळे रंगविलेले असत. काळाने रंग धुऊन नेला, आणि उरलेला पांढरेपणा युरोपने आदर्श मानला.

जाक-लुई दाविद याचे ‘होरेशियसांची शपथ’ हे चित्र १७८५ साली पॅरिसच्या प्रदर्शनात लागले. तीन भाऊ, पुढे झेपावलेले हात, बापाच्या मुठीत तीन तलवारी, मागे साधे खांब. देशापुढे घर गौण, हा त्याचा बोध. उजव्या कोपऱ्यात स्त्रिया कोसळून बसल्या आहेत. शपथेत त्यांना स्थान नाही. चित्र राजाच्या खर्चाने झाले, पुढे क्रांतीने ते आपले मानले. दाविदने राजाच्या मृत्युदंडाच्या बाजूने मत दिले आणि नंतर तोच नेपोलियनच्या राज्याभिषेकाचा चित्रकार झाला. म्हणजे रोमन पोशाख राजाला, क्रांतीला आणि सम्राटाला, तिघांनाही बसला.

अमेरिकेत हा अंतर्विरोध विटांतच बांधला गेला. सर्व माणसे समान निर्माण झाली आहेत, असे १७७६ साली लिहिणारा थॉमस जेफरसन वास्तुरचनाकारही होता. व्हर्जिनियाच्या विधानभवनासाठी त्याने फ्रान्समधील नीम येथील रोमन मंदिराचा नमुना घेतला. माँटिचेलो हे त्याचे घर घुमट व स्तंभांनी सजले. त्या घरासाठी राबले ते गुलाम. जॉन हेमिंग्ज या गुलाम सुताराचे नाजूक लाकूडकाम तेथे गाजले. जेफरसनने आयुष्यात सहाशेहून अधिक माणसे गुलाम म्हणून बाळगली. समतेचे वाक्य आणि मालकीची वही एकाच हाताने लिहिली जात होती.

मग हा सारा विचार ढोंग म्हणून फेकून द्यावा काय? १७९७ साली दाविदचा शिष्य जिरोदे याने काढलेले एक व्यक्तिचित्र याचे उत्तर देते. त्यात झां-बाप्तिस्त बेले उभा आहे. आफ्रिकेत जन्मलेला, सेंट-डोमिंगमध्ये गुलाम झालेला, पुढे स्वातंत्र्य मिळविलेला. १७९१ साली तेथील गुलामांनी बंड केले. त्या बंडाच्या रेट्याने १७९३ साली बेले फ्रान्सच्या प्रतिनिधिसभेवर निवडला गेला आणि ४ फेब्रुवारी १७९४ रोजी सभेने गुलामगिरी रद्द केली, तेव्हा तो सभासद होता. चित्रात तिरंगी कमरपट्टा बांधून तो गुलामगिरीविरोधी लेखक रेनाल याच्या शुभ्र अर्धपुतळ्याला टेकला आहे. पण तो रेनालकडे पाहत नाही. त्याची नजर दूर, वर लागली आहे. तत्त्वज्ञ दगड झाला आहे. जिवंत आहे तो काळा माणूस.

१८०२ साली नेपोलियनने गुलामगिरी पुन्हा आणली. १८०५ साली बेले नजरकैदेतच मेला. तरी १८०४ साली हैती स्वतंत्र झाली होती. समतेची घोषणा करणाऱ्यांना ती जितक्यांसाठी हवी होती, त्याहून अधिक माणसांनी ती आपली केली.

हीच शैली इंग्रजांबरोबर मुंबईत आली. १८३३ साली पूर्ण झालेल्या टाऊन हॉलचे ग्रीक धर्तीचे खांब आजही उभे आहेत. ते राज्यकर्त्यांच्या दिमाखाचे होते. पण त्याच शतकाचा दुसरा वारसा, थॉमस पेनचे मानवी हक्कांवरील पुस्तक, जोतीराव फुल्यांच्या हाती पडले. १८७३ साली त्यांनी ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती निग्रोंना दास्यातून सोडविणाऱ्या अमेरिकेतील लोकांना. सत्तेने खांब उचलले, जोतीरावांनी विचार उचलला. कोणत्याही प्राचीन वैभवाकडे पाहताना आपली रीतही हीच असावी: खांब मोजावेत, पण ते कोणी वाहिले हे आधी विचारावे.