भाजल्याचा वण : पहिले वर्ष हातचे घालवू नका

जखम सुकली की आपण दवाखाना सोडतो. केसपेपर कपाटात जातो आणि 'पुढे वण जाईल आपोआप' अशी समजूत करून घेतली जाते. परंतु उकळता चहा, आंघोळीचे कढत पाणी किंवा स्टोव्हचा भडका यांनी खोल भाजले असेल, तर वणाचे खरे दिवस जखम भरल्यावर सुरू होतात. तो लाल होतो, खाजतो, जाड होतो व आवळू लागतो. साधारण वर्ष-दीड वर्षाने तो स्थिरावतो. काय करायचे ते याच काळात करावे लागते.

एक गोष्ट प्रथम स्पष्ट असावी. वण मुळापासून पुसणारे औषध नाही. तो मऊ, सपाट व फिकट मात्र करता येतो.

जखम पूर्ण बंद झाल्यावर रोज दोन-तीन वेळा साधे खोबरेल किंवा व्हॅसलीन लावून बोटाने दाबून मालिश करावी. उन्हात वण झाकावा, नाहीतर तो काळवंडतो. वण जाड होऊ लागला तर डॉक्टर सिलिकॉनची पट्टी देतात. ती दिवसातून किमान 12 तास, निदान दोन-तीन महिने लावायची असते; धुऊन पुन्हा वापरता येते. मोठ्या भागासाठी मापाचे घट्ट कपडे असतात. ते आंघोळीपुरते काढून दिवसाचे 23 तास, कित्येक महिने घालावे लागतात. उकाड्यात हे जड जाते, म्हणून घरातल्यांनी साथ द्यावी.

काही वण मूळ जखमेची हद्द ओलांडून वाढतात. त्यांना केलॉइड म्हणतात. ते नुसते कापले तर बहुधा पुन्हा वाढतात. त्यात चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने स्टेरॉइडचे इंजेक्शन देतात. लेसरने लाली व कडकपणा कमी होतो, पण बऱ्याच बैठका व बराच खर्च लागतो. सावळ्या कातडीवर डाग उठण्याची शक्यता असल्याने हे काम जाणत्या त्वचारोगतज्ज्ञाकडेच करावे.

दिसण्यापेक्षा मोठा प्रश्न हालचालीचा आहे. मान, कोपर, बोटे यांवरचा वण आवळला की अवयव वाकडा राहतो. मूल वाढते, वण त्या वेगाने वाढत नाही. म्हणून सांगितलेला व्यायाम दुखला तरी सोडू नये. सांधा आखडलाच, तर शस्त्रक्रियेने तो मोकळा करता येतो. पापणी मिटत नसेल तर एक दिवसही थांबू नये.

दुकानातून कुणाच्या सांगण्यावरून गोरेपणाचे मलम आणू नका. अशा कित्येक मलमांत स्टेरॉइड असते. त्याने कातडी पातळ होते.

मोठ्या सरकारी व पालिका रुग्णालयांत प्लास्टिक सर्जरी विभाग असतो. भाजल्यावरचे उपचार महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेतही आहेत. आपला उपचार त्यात बसतो का, हे योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्राला विचारावे. जाताना रेशनकार्ड, ओळखपत्र आणि तो जुना केसपेपर बरोबर घ्यावा.

आणि वण आहे म्हणून मुलीची शाळा बंद करू नका, तिला पाहुण्यांपासून लपवू नका. भाजणे हा तिचा अपराध नाही.